विजेचा चेनसॉ : वाचक विचारतात

पावसाळ्यात मोडलेल्या फांद्या, पडलेली झाडे आणि वर्षाचे जळण यामुळे या वेळी बहुतेक पत्रे विजेवर चालणाऱ्या चेनसॉबद्दल आली आहेत. आवाज कमी, पेट्रोलची कटकट नाही, बटण दाबले की सुरू. त्यामुळे मिक्सर घ्यावा तसे हे मशीन घेतले जाते. पण त्यावरची चेन पेट्रोलच्या मशीनवर असते तशीच असते, हे पत्रे वाचताना पुन्हा पुन्हा सांगावेसे वाटले.

प्रश्न : पडलेल्या आंब्याच्या फांद्या तोडण्यासाठी १६ इंची बारचे मशीन घेतले. कापता कापता ते एकदम तोंडाकडे उसळले. मशीन सदोष आहे का? (दापोली)

मशीनमध्ये दोष असण्याची शक्यता कमी आहे. बार म्हणजे जिच्या कडेने चेन फिरते ती लांब पट्टी. तिचे टोक गोल असते. त्या गोलाईचा वरचा पाव भाग लाकडाला लागला, की तिथले दात लाकूड कापू शकत नाहीत, नुसते अडतात. मग चेनचा सगळा जोर उलटा फिरतो आणि बार वर व मागे, म्हणजे सरळ चेहऱ्याकडे येतो. याला किकबॅक म्हणतात. माणूस सावध होऊन हात आवरेपर्यंत तो घडून गेलेला असतो, म्हणून ‘सावकाश कापतो, काही होत नाही’ यावर भिस्त ठेवू नका. पडलेल्या झाडात हा धोका जास्त, कारण समोरची फांदी कापताना मागच्या फांदीला टोक कधी लागले ते दिसत नाही. आधी कोयत्याने बारीक डहाळ्या साफ करा, मगच मशीन लावा.

पकड अशी हवी : उजवा हात मागच्या मुठीवर, डावा पुढच्या दांड्यावर, आणि डाव्या हाताचा अंगठा दांड्याच्या खालून वळलेला. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवला, तर झटक्याला दांडा हातातून निसटतो. डावखुऱ्यांनीही हीच पकड धरायची, मशीनची रचनाच तशी आहे. डावे कोपर शक्यतो सरळ ठेवा आणि बारच्या रेषेत उभे न राहता किंचित डावीकडे राहा, म्हणजे बार उसळला तरी डोक्याच्या उजव्या बाजूने जाईल. खांद्याच्या वर मशीन उचलायचे नाही. चेन पूर्ण वेगात आल्यावरच लाकडाला लावायची आणि मशीनच्या तोंडाशी, बारच्या बुडाशी असलेले न फिरणारे दाते लाकडाला टेकवून कापायचे.

पुढच्या दांड्यासमोर जी प्लॅस्टिकची उभी ढाल असते, ती नुसती हाताच्या रक्षणासाठी नाही. चेन ब्रेक तिलाच जोडलेला असतो. रोज काम सुरू करण्याआधी चेन फिरत असताना डाव्या मनगटाने ती पुढे ढकलून बघा. चेन जागच्या जागी थांबली पाहिजे. थांबली नाही, तर त्या दिवशी काम नाही.

कपड्यांबद्दलही विचारले आहे. लुंगी, पंचा, ओढणी, स्लीपर चालणार नाही. बंद बूट, डोळ्यांना चष्मा किंवा जाळीची ढाल, कानात बोळे हवेतच. चेनसॉसाठी मिळणाऱ्या संरक्षक पॅन्टमधले लांब धागे चेनमध्ये गुंतून ती थांबवतात. मात्र विजेच्या मोटरचा जोर वेग उतरला तरी टिकतो, त्यामुळे अशा मशीनवर ही पॅन्ट हमखास वाचवेल असे समजू नका. आंब्याचा चीक कातडीवर उततो, तेव्हा पूर्ण बाह्यांचा शर्ट असू द्या.

प्रश्न : बार अर्ध्यात अडकतो. ओढून काढावा का? (चिपळूण)

ओढू नका. बटण सोडा, प्लग काढा, मग कापात लाकडी किंवा प्लॅस्टिकची पाचर ठोकून फट मोठी करा. लोखंडी छिन्नी वापरली आणि चेन तिला लागली, तर दात गेलेच.

बार अडकतो त्याला कारण लाकडावरचा ताण. ओंडका दोन्ही टोकांना टेकलेला असेल, तर मधे तो खाली वाकू बघतो. वरची बाजू दाबलेली आणि खालची ताणलेली असते. अशा वेळी वरून एक तृतीयांश कापून उरलेले खालून वर कापा. एक टोक अधांतरी असेल तर नेमके उलट : आधी खालून एक तृतीयांश, मग वरून. खालून कापताना बारची वरची बाजू वापरली जाते आणि मशीन तुमच्याकडे ढकलले जाते, तेव्हा पाय घट्ट रोवून उभे राहा. वाकून जमिनीत दबलेली हिरवी फांदी मात्र एका घावात तोडू नये, सुटली की ती फटकारते. ताण हळूहळू उतरेल अशा बेताने आतल्या बाजूने थोडे थोडे कापत जावे.

प्रश्न : लाकडे घरापासून ३० मीटरवर आहेत. घरातली नेहमीची एक्स्टेंशन लावली, तर मशीनला दम नाही आणि जळका वास येतो. (संगमनेर)

पत्रात लिहिल्याप्रमाणे तुमचे मशीन २००० वॅटचे आहे, म्हणजे २३० व्होल्टला ते साधारण ८.७ अँपिअर घेते. घरातल्या स्वस्त एक्स्टेंशनमधली तार बहुधा ०.७५ चौरस मिलिमीटरची असते. तेवढ्या अंतरावर तिच्यातच १३ व्होल्टच्या आसपास खर्च होतात, २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत साधारण ४. गावात संध्याकाळी दाब आधीच उतरलेला असतो, त्यात ही भर. वेग कमी झाला की आपण मशीन जास्त दाबतो, करंट वाढतो आणि मोटर तापते. तिला थंड ठेवणारा पंखा त्याच शाफ्टवर असल्यामुळे वेगाबरोबर त्याची हवाही कमी होते. वास येतो तो त्यामुळे.

तेव्हा २.५ चौरस मिलिमीटरची रबरी आवरणाची केबल घ्या, मधे जोड नको. ६ अँपिअरच्या पॉइंटवर लावू नका, १६ अँपिअरचा सॉकेट हवा. ड्रमवर गुंडाळलेली केबल पूर्ण उलगडा, गुंडाळीत ती तापून वितळते. मुठीजवळच्या आकड्यात केबलचा वळसा अडकवा, म्हणजे ओढ लागली तरी प्लग सुटत नाही. केबल कायम तुमच्या पाठीमागे राहू द्या.

तुमच्या पत्रात ‘एमसीबी आहे, त्यामुळे शॉकची भीती नाही’ असे वाक्य आहे. ते चूक आहे. १६ अँपिअरचा एमसीबी म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच, तो तारेला वाचवतो. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे थोडा करंट जरी बाहेर गळला तरी पडणारा स्विच, लागतो. त्या दोन आकड्यांत पाचशेपटींहून जास्त अंतर आहे. आरसीसीबीवरचे ‘टी’चे बटण कामाआधी दाबून तो पडतो का ते बघा. चेनखाली केबल आलीच, तर तिला हात न लावता आधी मेन स्विच बंद करा. ओल्या गवतात किंवा भुरभुर पावसात हे मशीन बाहेर काढू नये.

प्रश्न : अँगल ग्राइंडरला लावायचा चेनसॉचा जोड ऑनलाइन स्वस्तात मिळतो. घ्यावा का? (नाशिक)

घेऊ नये, आणि घेतला असेल तर ग्राइंडरला लावू नये. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेऱ्यांच्या आसपास फिरतो. या जोडाला चेन ब्रेक नाही, चेन तुटली तर अडवणारा आकडा नाही, मागच्या हाताला संरक्षण नाही. पुष्कळ ग्राइंडरचे बटण सरकवून अडकणारे असते, म्हणजे मशीन हातातून निसटले तरी फिरतच राहते. बंद केल्यावरही लगेच थांबत नाही. किकबॅकच्या वेळी ज्या गोष्टी जीव वाचवतात, नेमक्या त्याच यात वगळलेल्या आहेत. पैसे कमी असतील तर चांगली धनुष्याकृती करवत घ्या.

प्रश्न : नवी चेन बसवली तरी लाकूड कापण्याऐवजी धूर निघतो. (कराड)

आधी चेन उलटी बसली आहे का ते पाहा. बारच्या वरच्या कडेवर दातांची धार टोकाकडे तोंड करून हवी. पुष्कळदा एवढेच असते.

तसे नसेल तर तेल. टाकी भरलेली असूनही पंपाची वाट भुशाने बुजलेली असू शकते. चेन फिरत असताना बारचे टोक पुठ्ठ्याच्या वर थोडे अंतर ठेवून धरा. काही क्षणांत त्यावर तेलाची रेघ उमटली पाहिजे. उमटली नाही तर प्लग काढून, बार सोडवून, खाच आणि तेलाचे भोक साफ करा.

मग ताण. मशीन थंड असताना चेन बारच्या मधोमध वर ओढली, की ३ ते ४ मिलिमीटर उचलली जावी आणि सोडताच परत बसावी. नट आवळताना बारचे टोक किंचित वर धरा. नवी चेन पहिल्या काही मिनिटांत सैल पडते, तेव्हा लवकरच पुन्हा तपासा. गरम असताना घट्ट केली असेल तर काम संपल्यावर सैल करून ठेवा, कारण थंड होताना ती आकसते.

पुढे धार कधी गेली ते भुशावरून कळते. ढलप्या पडत असतील तर ठीक, पिठासारखा भुसा पडू लागला की कानस घ्या. घरगुती मशीनवर बहुधा ३/८ इंच लो प्रोफाइल (बुटक्या दातांची) चेन असते; तिला ४ मिलिमीटरची गोल कानस लागते. दातावर ३० अंशांची खूण असते, त्या कोनात आतून बाहेर, फक्त पुढे ढकलताना, प्रत्येक दाताला सारखेच तीन-चार हात. काप एका बाजूला वळत जात असेल, तर एका बाजूचे दात बोथट किंवा आखूड झाले आहेत.

प्रश्न : वाळलेला माड स्वतः तोडता येईल का? (कुडाळ)

उभा माड नाही. त्याचे खोड बाहेरून कठीण आणि आत मऊ, तंतुमय असते. इतर झाडासारखी मधे न कापता ठेवलेली लाकडाची पट्टी, म्हणजे बिजागरी, भरवशाची नसते, त्यामुळे तो ठरवलेल्या बाजूला पडेलच असे नाही. जाणकार गडी बोलवा. आडवा पडल्यावर तुकडे करता येतील, पण धार लवकर जाते आणि धागे स्प्रॉकेटभोवती (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाभोवती) गुंडाळले जातात. अधूनमधून प्लग काढून झाकण उघडा.

प्रश्न : गुलमोहराची फांदी गॅलरीत येते. शिडीवर चढून कापू का? (पुणे)

शिडीवरून चेनसॉ कधीच नाही. एक हात शिडीला आणि एक मशीनला, ही कसरत होते. लांब दांड्याची करवत घ्या. शहरात मात्र फांदी छाटण्यासाठीही १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली पालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. फांदीला विजेची तार लागत असेल तर महावितरणला कळवा आणि पुरवठा बंद होईपर्यंत तिकडे फिरकू नका.

प्रश्न : चेनसाठी गाडीचे काढलेले इंजिन ऑइल चालेल का? आणि ठेवून दिलेल्या मशीनखाली तेल साचते, ते का? (सांगली)

जळके ऑइल नको. त्यात धातूचा कीस असतो, पंप आणि बार झिजतात, आणि कापताना त्याचे शिंतोडे अंगावर उडतात. चेनचे तेल मुद्दाम चिकट केलेले असते, म्हणजे टोकावरून फिरताना ते उडून जात नाही. खाण्याच्या तेलाचा सुकून चिकटा होतो. मशीनखाली थोडे तेल ठिबकणे हे बिघाडाचे लक्षण नाही. महिनाभर वापर नसेल तर टाकी रिकामी करून ठेवा.