वाचकांचे प्रश्न : वापरलेला बेस, अमेरिकेतला अॅम्प आणि गरब्याचं मैदान

प्रश्न : मुलगा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्याला बेस गिटार शिकायची आहे. अलकापुरीत एक जण चार तारांचा वापरलेला बेस वीस हजारांत देतोय. काही जण म्हणतात, घ्यायचाच तर पाच तारांचा घ्या. पैसे देण्याआधी काय तपासू?
– एक पालक, दांडिया बाजार

उत्तर : आधी मान, म्हणजे तारांखालची लांब दांडी, बघा. पिकअप (तारांची कंपनं टिपणारे चुंबकी भाग) बदलता येतात, खुंट्या बदलता येतात, ब्रिज (बॉडीवर तारा अडकतात तो भाग) नवा बसतो. मान पिळलेली निघाली तर मात्र वीस हजार पाण्यात. रंग आणि चकाकी नंतर बघा.

जाताना ट्यूनर, एक व्हिजिटिंग कार्ड, खात्रीची केबल आणि बारीक अॅलन कीचा संच न्या. बेस ई-ए-डी-जी असा पूर्ण सुरात लावून घ्या. तारा ढिल्या असताना मान तपासण्यात अर्थ नाही, कारण मानेवर ताणच नसतो. मग जाड ई तार एका हाताने पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) आणि दुसऱ्या हाताने मान बॉडीला जुळते तिथल्या फ्रेटवर दाबून धरा, आणि मुलाला सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखालून कार्ड सरकवायला सांगा. तिथे साधारण ०.३ मिलिमीटर फट हवी, म्हणजे कार्ड तारेला जेमतेम घासत जाईल इतकी. फट अजिबात नसली तर मान सपाट तरी आहे किंवा मागे झुकली आहे, आणि पहिल्या चार-पाच फ्रेटवर तार खरखरणार. मिलिमीटरभर फट असली तर मान पुढे वाकली आहे.

हे दोन्ही दोष ट्रस रॉडने, म्हणजे मानेच्या आतल्या धातूच्या कांबीने, निघतात, पण रॉड फिरत असेल तरच. विकणाऱ्यालाच तुमच्यासमोर पाव फेरा फिरवून दाखवायला सांगा. तो कां-कूं करू लागला तर समजून घ्या. रॉडचा नट शेवटपर्यंत आवळलेला असूनही मान पुढेच वाकलेली असली, तर तो बेस सोडून द्या. हीच तपासणी बारीक जी तारेवरही करा. ई आणि जी यांच्या फटीत मोठा फरक दिसला तर मानेला पीळ आहे, आणि पीळ ट्रस रॉडने निघत नाही.

त्यानंतर प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवायचा. वीस फ्रेट असतील तर ऐंशी स्वर, पाच मिनिटांचं काम. एकाच जागी खरखर आली तर पुढचा फ्रेट वर उचलला गेलाय, सगळीकडे आली तर तारा फार खाली आहेत. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची ई साठी अडीच आणि जी साठी दोन मिलिमीटरच्या आसपास असली की शिकणाऱ्याच्या बोटांना त्रास होत नाही. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटदरम्यान एखादा स्वर लवकर विझतो. थोड्या प्रमाणात हे अनेक बेसमध्ये असतं, मानेच्या लाकडाच्या स्वतःच्या कंपनामुळे. शेजारच्या स्वराच्या निम्माही टिकत नसेल तर भाव पाडून मागा.

बडोद्याच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या बेसचं एक हमखास दुखणं म्हणजे ब्रिजवरच्या सॅडलचे (तार टेकते त्या छोट्या ठोकळ्यांचे) गंजून बसलेले स्क्रू. प्रत्येकात की घालून किंचित हलवून बघा. हलले नाहीत तर तारांची उंची बदलताच येणार नाही. पॉट (आवाजाची-टोनची बटणं) फिरवताना येणारी खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरने बहुधा जाते, आणि केबल हलवल्यावर आवाज तुटला तर जॅकचा टाका सुटलेला असतो. दोन्ही कामं स्वस्तातली, त्यांच्यासाठी चांगली मान सोडू नका.

तारा चारच घ्या. चार तारांवर सर्वात खालचा स्वर ४१ हर्ट्झचा ई. पाचवी तार ३१ हर्ट्झच्या बी पर्यंत नेते. स्वस्त बेसवर ती तार लोंबते आणि स्वर धूसर येतो, शिवाय मान रुंद होते. फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन आणि १९६० मध्ये जॅझ बेस आणला. बाजारातले कित्येक बेस याच दोन साच्यांतले आहेत. प्रिसिजनची मान नटपाशी (खुंट्यांच्या बाजूला तारा टेकतात त्या खाचांच्या पट्टीपाशी) ४१-४२ मिलिमीटर रुंद, जॅझची ३८. बोटं आखूड असतील तर जॅझ सोयीचा. फक्त त्याच्या दोनपैकी एकाच पिकअपचा आवाज उघडा ठेवला की अॅम्पमधून गुणगुण येते. दोन्ही पिकअप सारखे पूर्ण उघडले की ती जाते. तेव्हा ती ऐकून बेस बिघडलाय असं समजू नका.

प्रश्न : मोठा भाऊ न्यू जर्सीहून दिवाळीत येतोय. त्याच्या मित्राचा बेस अॅम्प स्वस्तात मिळतोय. इथे चालेल का?
– वाचक, कारेलीबाग

उत्तर : अॅम्पच्या पाठीवरच्या पट्टीचा फोटो मागवा. त्यावर १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं असेल तर फक्त वायर बदलायची. नुसतं १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असेल तर आपल्या २३० व्होल्टवर थेट लावल्यास नशीब असेल तर फ्यूज जाईल, नाहीतर आतला ट्रान्सफॉर्मर. अॅम्प वजनाला हलका आहे म्हणजे सगळीकडे चालतो, असंही धरू नका. जे पट्टीवर लिहिलंय तेच खरं.

स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावता येतो. पट्टीवर ३०० वॉट असतील तर किमान ५०० व्हीए क्षमतेचा घ्या, आणि तीन पिनांचा, अर्थिंग पुढे नेणारा. पण तो फक्त व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ ५० च राहतात. फक्त ६० हर्ट्झसाठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो, आणि गरब्यात सलग तीन तास वाजवताना हा फरक महागात पडतो. शिवाय पुढे इथे विकायला काढलात तर १२० व्होल्टच्या अॅम्पला गिऱ्हाईक कमी. १००–२४० चा हेड (स्पीकर नसलेला नुसता अॅम्प) असेल तर जरूर आणा, स्पीकरचं खोकं मात्र इथेच घ्या.

प्रश्न : नवरात्रात ऑर्केस्ट्रात वाजवतो. सध्या १०० वॉटचा कॉम्बो (अॅम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात) आहे. ३०० वॉटचा हेड घेतला तर आवाज तिप्पट होईल ना?
– वाचक, मांजलपूर

उत्तर : नाही. वॉट दुप्पट झाले की आवाज ३ डेसिबलने वाढतो, तिप्पट झाले की जेमतेम ५ ने. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. म्हणून हेड आणि खोकी यांची तुलना करताना खोक्याची सेन्सिटिव्हिटी (एका वॉटवर खोकं किती डेसिबल आवाज देतं ते) आधी बघा: ९७ डेसिबलच्या खोक्यावर १०० वॉट आणि ९४ च्या खोक्यावर २०० वॉट हा हिशेब सारखाच.

दुसरं, ‘३०० वॉट’ हा आकडा बहुधा ४ ओहमच्या खोक्यासाठीचा असतो (ओहम म्हणजे खोक्याचा विद्युतरोध). ८ ओहमचं एकच खोकं लावलंत तर त्याच हेडमधून १६०-१८० च्या आसपास निघतील. ८ ओहमची दोन खोकी समांतर जोडली की ४ ओहम होतात. ४ ओहमची दोन जोडली तर २ ओहम, आणि हेड तेवढ्यासाठी बनवलेला नसेल तर तो बंद पडतो किंवा जळतो. खोक्याला स्पीकर केबलच लावा. गिटारची बारीक केबल तापून वितळू शकते.

आणि मैदानासाठी विचारत असाल तर मोठा अॅम्प घेऊच नका. मैदानावर आवाज पीए (साउंडवाल्याचे मोठे स्पीकर) पोचवतो, अॅम्प फक्त तुमच्या कानापुरता. पैसे चांगल्या डीआय आउटपुटवर (अॅम्पमधून थेट साउंडवाल्याच्या मिक्सरला जाणारी जोडणी) घाला आणि तो प्री-ईक्यूवर, म्हणजे अॅम्पच्या टोनच्या बटणांआधी, ठेवा, म्हणजे तुम्ही स्वतःसाठी बास वाढवलात तरी साउंडवाल्याचा आवाज बिघडत नाही. जनरेटरवर घूं घूं आवाज आला तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका, कोणीही सांगितलं तरी. हात तारांवर आणि ओठ माईकला असताना त्या एका पिनेवर जीव असतो.

प्रश्न : बेसमध्ये महागडे पिकअप टाकले आहेत. विकताना तेवढी किंमत वाढवून मागू का? गिऱ्हाईक पुण्याचं आहे.
– वाचक, वाघोडिया रोड

उत्तर : टाकलेले पैसे सहसा वसूल होत नाहीत. मूळ पिकअप जपले असतील तर ते परत बसवा, नवे वेगळे विका. फोटोंत सिरियल नंबर, फ्रेटची झीज आणि ठोके लागलेल्या जागा जवळून दाखवा. पाठवताना तारा दोन-तीन स्वर खाली उतरवा, पूर्ण काढू नका, आणि बेसच्या डोक्यामागे (खुंट्यांच्या टोकामागे) फोमची जाड गादी द्या. मान स्क्रूची असेल तर ती उतरवून, मग अर्थात तारा काढूनच, वेगळी गुंडाळणं सगळ्यात सुरक्षित. स्क्रू पिशवीत घालून बॉडीच्या खाचेत चिकटवा.