प्रांताचे गाणे देशाचे होऊ शकते का?

प्रश्न : आमची शाळा जत तालुक्यात आहे. वर्गातील काही मुलांच्या घरी कानडी बोलतात. स्वातंत्र्यदिनी राष्ट्रीय एकात्मतेच्या कविता सादर करायच्या आहेत. परंतु प्रांताचे वा भाषेचे कौतुक करणाऱ्या कवितांनी दुजाभाव वाढतो, त्या घेऊ नयेत, असे काही सहकाऱ्यांचे मत पडले. ते योग्य आहे का?
— एक शिक्षिका, जि. सांगली

उत्तर : सहकाऱ्यांच्या हेतूविषयी शंका नाही, पण त्यांचे मत मला पटत नाही. देशाविषयीची आपली उत्तम कविता प्रांतांची नावे घेऊनच उभी राहिली आहे. २४ जानेवारी १९५० रोजी राष्ट्रगीत म्हणून स्वीकारलेल्या रवींद्रनाथांच्या गीतात पंजाबपासून वंगापर्यंतचे प्रदेश नावानिशी येतात आणि मूळ कवितेच्या पुढच्या कडव्यात, जे आपण गात नाही, धर्मांचीही नावे येतात.

मात्र नुसत्या नामावळीने एकात्मता सिद्ध होत नाही. नावे मोजून शेवटी ‘आम्ही सारे एक’ म्हणणाऱ्या रचना शाळांतून पुष्कळ ऐकू येतात आणि कार्यक्रम संपताच विसरल्या जातात. तमिळ कवी सुब्रह्मण्य भारती (१८८२–१९२१) यांनी काय केले ते पाहा. गंगाकाठचा गहू घेऊन त्याच्या बदल्यात कावेरीकाठची विड्याची पाने देऊ, असे ते एका गीतात म्हणतात आणि लगेच पुढे, सिंहासारख्या मराठ्यांची कविता घेऊन त्यांना केरळचे हस्तिदंत भेट देऊ, असे म्हणतात. देश परतंत्र असताना दूरच्या एका कवीने मराठी कवितेचे मोल हस्तिदंताइतके मानावे, हे वाचून मन भरून येते. येथे कोणी आपलेपण सोडत नाही. प्रत्येकापाशी दुसऱ्याला हवेसे काहीतरी आहे, म्हणूनच हा व्यवहार घडतो. भारतींच्याच दुसऱ्या एका गीतातील भारतमाता अठरा भाषा बोलते, पण तिचे चिंतन एकच आहे.

आपल्या विद्यार्थ्यांसाठी तर कानडी कवी कुवेंपूंचे गीत अगदी हाताशी आहे. कर्नाटकाच्या या राज्यगीताची पहिलीच ओळ कर्नाटकमातेला भारतजननीची कन्या म्हणते आणि पुढे त्या भूमीला सर्व लोकसमूहांच्या शांतीची बाग म्हटले आहे. प्रांताभिमान आणि देशप्रेम यांचे नाते याहून नेमके कसे सांगावे? आपल्याकडे राजा बढे यांच्या महाराष्ट्रगीतात रेवा, वरदा, कृष्णा, कोयना, भद्रा आणि गोदावरी या नद्या मातीच्या घागरींत ‘एकपणाचे पाणी’ भरतात. यांतली कृष्णा सांगलीवरूनच वाहते आणि कोयना तिला कऱ्हाडला मिळते, हे मुलांना नकाशावर अवश्य दाखवावे.

प्रांतांमधल्या अशा देवाणघेवाणीची, राष्ट्र ही आजची कल्पना रुजण्याच्या कितीतरी आधीची साक्ष म्हणजे आपले संत नामदेव. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत.

तेव्हा निवड करताना एवढेच पाहावे, की स्वतःला थोर ठरवण्यासाठी कवितेने शेजाऱ्याला हिणवलेले नाही ना; तसे असेल तर ती वगळावी, मग तिच्यात देशाचे नाव कितीही वेळा येवो. कानडी बोलणाऱ्या मुलांनी कुवेंपूंचे गीत कानडीतच म्हणावे आणि त्याचा अर्थ मराठी मुलांनी सांगावा. मराठी गीताच्या वेळी हीच कामे उलट वाटून द्यावीत. तयारीसाठी आठवडाभर तरी आधी सुरुवात करावी, म्हणजे मुलांना एकमेकांचे उच्चार नीट शिकवता येतील.