पेपरवर नाव कुणाचं, आणि कितवं?

पीएचडीच्या पहिल्या वर्षात हा विषय काढायला संकोच वाटतो, तरी प्रयोग सुरू व्हायच्या आधीच काढ. गाइडना सरळ विचार, "सर, यात पहिला लेखक कोण असेल?" उत्तर मिळालं की त्याच दिवशी साधी ईमेल टाकून ठेव. निकाल चांगले आले की प्रत्येकाची आठवण वेगळी होते.

जीवशास्त्रात आणि वैद्यकात पहिलं नाव प्रत्यक्ष राबलेल्याचं, शेवटचं बहुधा लॅबप्रमुखाचं. गणितात मात्र आडनावांचा वर्णानुक्रम. भौतिकशास्त्रात, हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावरच्या २०१५ च्या पेपरला तर पाच हजारांहून जास्त लेखक होते. तिथे क्रमावरून कोण भांडणार!

नाव कुणाचं घालायचं, यासाठी आयसीएमजेईच्या (वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती) चार अटी नीट वाच: कामात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात महत्त्वाच्या वैचारिक दुरुस्त्या करणं, अंतिम मसुद्याला मंजुरी, आणि कामाबद्दल उत्तर द्यायची तयारी. चारही लागतात. नुसता निधी आणला किंवा मशीन वापरू दिलं, तर उल्लेख आभारात. विभागप्रमुखांचं नाव 'पद्धत म्हणून' घालायचा आग्रह आपल्याकडे सर्रास होतो. तिथे एकट्याने भिडू नकोस, गाइडना पुढे कर. (गाइडच आग्रह धरत असतील, तर अवघड आहे खरं.) उलट, ज्या ज्युनियरने अर्धं विश्लेषण केलं त्याला मसुदा दाखवलाच नाही आणि मग 'अटी पूर्ण नाहीत' म्हणून वगळलं, ही शुद्ध लबाडी.

पेपर पाठवल्यावर नावं किंवा क्रम बदलायचा, तर जर्नल साधारणपणे सगळ्या लेखकांची लेखी संमती मागतं.