एपिपेन परवडत नाही, मुलीसाठी इंदुरात दुसरं काय करता येईल?

मुलीला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे, एपिपेन, म्हणजे झटका आला की मांडीत टोचायचं तयार इंजेक्शन, बाहेरून मागवणं झेपत नाही, दुपारी ती आजीजवळ असते, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मुलालाही दाणे चालत नाहीत, म्हणून सविस्तर लिहिते.

ताई, महाग आहे तो पेन, औषध नाही. अमेरिकेत २००७च्या सुमारास दोन पेन शंभर डॉलरला मिळायचे, २०१६मध्ये ते सहाशेच्या वर गेले. आत ॲलर्जीचा झटका आवरणारं औषध, ॲड्रेनालिन, तेच, तेवढंच. आपल्याकडे ते १ मिलीच्या काचेच्या अँप्युलमध्ये, म्हणजे मान मोडून उघडायच्या बंद कुपीत मिळतं, पोहे-जलेबीच्या पैशात. दवा बाजारातून मी डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून आणते.

हे मला उशिरा कळलं. एका संक्रांतीला तिळगुळात दाण्याचं कूट निघालं. पोराचे ओठ सुजले, आवाज घोगरा झाला. जवळच्या दवाखान्यात ॲलर्जीची गोळी देऊन बसवून ठेवलं. त्या गोळीने खाज कमी होते, घसा मोकळा होत नाही. तो खोकत होता आणि मी नुसती पाठ चोळत होते. त्या दिवशी आम्ही थोडक्यात वाचलो.

आता डब्यात दोन अँप्युल, १ मिलीच्या सिरिंज आणि एक चिठ्ठी असते. मात्रा वजनावर ठरते, किलोमागे ०.०१ मिग्रॅ, लहान मुलांना जास्तीत जास्त ०.३ मिग्रॅ. आमच्या डॉक्टरांनी सिरिंजवर त्या रेघेशी मार्करने खूण करून दिली. सुई मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, स्नायूत. शिरेत कधीच नाही. मग मुलाला आडवं ठेवून १०८ बोलवायची. बरं वाटलं तरी दवाखान्यात जायचंच, काही तासांनी त्रास उलटू शकतो. डबा उन्हात किंवा स्कूटीच्या डिकीत ठेवू नका, आणि मुदतीची तारीख झाकणावर लिहा.

पेनात नसलेली एक अडचण आहे: घाबरलेल्या हाताने काच फोडणं. मी डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्युलवर सराव केला. मानेवरचा ठिपका आपल्याकडे, भोवती कापूस, आणि एका झटक्यात मागे. पहिल्या तीन माझ्या बोटांतच चुरा झाल्या. चौथी नीट फुटली, तेव्हा सासूबाईंना बसवलं. त्यांना दुसऱ्याच खेपेला जमलं.

बालरोगतज्ज्ञांकडे जाल तेव्हा मुलीचं ताजं वजन सांगा, मात्रा आणि खूण त्यांच्याकडूनच करून घ्या. आणि आजींना सोबत न्या.