आधी टाक्या मोज, मग सल्लागाराकडे जा

सप्रेम नमस्कार,

तुझा ब्रुअरीचा, म्हणजे बिअर बनवण्याच्या कारखान्याचा, आराखडा वाचला. लघुउद्योग सल्लागाराबरोबरची पहिली बैठक पुढच्या आठवड्यात आहे, त्याआधी हे पत्र हातात पडावं म्हणून लगेच लिहितो. बिअरच्या चवीबद्दलची तुझी तीन पानं बाजूला ठेवली आहेत. पानं चांगली आहेत, पण सल्लागाराला त्यांचा उपयोग नाही. त्याने आयुष्यभर हिशेबाच्या वह्या पाहिल्या असतील, फर्मेंटर (बिअर आंबवायची टाकी) बहुधा पाहिलेला नसेल. ब्रुअरी आकड्यांत उतरवून त्याच्यासमोर ठेवणं हे तुझं काम आणि त्या आकड्यांतली भोकं शोधणं हे त्याचं.

पहिलं भोक मीच दाखवतो. १००० लिटरचं ब्रूहाउस (माल्टचा रस काढून उकळायची भांडी) आणि तेवढेच दोन फर्मेंटर, असं तू लिहिलं आहेस. एल प्रकारची, लवकर आंबणारी बिअर धरली, तरी आंबवण, डायअॅसिटिल (लोण्यासारखा वास देणारा घटक) जिरणं, थंड करून गाळ बसवणं आणि टाकी धुणं मिळून एक फर्मेंटर साधारण तीन आठवडे अडकतो. म्हणजे वर्षाला १७ फेऱ्या, दोन टाक्यांच्या ३४. एकूण ३४,००० लिटर. त्यातला १० ते १५ टक्के भाग हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांच्या) चोथ्यात, यीस्टच्या गाळात, पाइपांत आणि केग (बिअरची पिंपं) भरताना जातो. विकायला उरतात २९-३० हजार लिटर. आणि तुझं सगळ्यांत महागडं यंत्र वर्षातले फक्त ३४ दिवस चालतं! लागर (थंडीत सावकाश आंबणारी बिअर) करायचं ठरवलंस, तर टाकी पाच-सहा आठवडे अडकते आणि हाही आकडा जवळजवळ निम्मा होतो.

म्हणून उलटं कर. ब्रूहाउस ५०० लिटरचं, फर्मेंटर १००० लिटरचे चार. एकाच दिवशी लागोपाठ दोन घाणे काढून एक टाकी भरायची. दिवस दहा-बारा तासांचा होतो, पण वर्षात ६८ टाक्या भरतात. यीस्ट मात्र पूर्ण टाकीच्या मापाचं, पहिल्या घाण्याबरोबरच घाल. कोरडं एल यीस्ट असेल तर १००० लिटरला ५०० ते ८०० ग्रॅम. यीस्टमध्ये केलेली काटकसर पुढे लांबलेल्या आंबवणीत वसूल होते, आणि टाकी आठवडाभर जास्त अडकली की वर्षाचं सगळं गणित कोलमडतं. फर्मेंटर मागवताना १००० लिटर हे भरायचं माप आहे की एकूण, हे लेखी विचारून घे. फेसाला २० ते २५ टक्के मोकळी जागा लागते.

कमी क्षमतेचा धोका नवा नाही. कॅलिफोर्नियातल्या सोनोमामध्ये जॅक मॅकऑलिफ यांनी १९७६ मध्ये न्यू अल्बियन ही ब्रुअरी सुरू केली, तीही डेअरीची जुनी भांडी जोडून. बिअरला मागणी होती, पण नफा सुटेल एवढी ती निघत नव्हती आणि वाढवायला भांडवल मिळालं नाही. १९८२ मध्ये ती बंद पडली.

आता सल्लागाराकडून काय करून घ्यायचं ते. मुख्य गोष्ट एकच : किमान १८ महिन्यांचा, महिनावार रोखप्रवाह. नफातोटा पत्रक कुणीही मांडतो, आणि त्यात नफा दिसत असतानाच ब्रुअरीचे पैसे संपतात. माल्टचे पैसे आज जातात, बिअर तीन आठवड्यांनी तयार होते, नंतर विकली जाते आणि बारवाला उधारीवर घेत असेल तर पैसे त्याच्याही महिनाभराने येतात. मद्यावरचं शुल्क मात्र बऱ्याच ठिकाणी माल बाहेर पडताना किंवा ठरलेल्या तारखेला भरावं लागतं. ग्राहकाने पैसे दिले की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. यंत्रांची आगाऊ रक्कम, उरलेली रक्कम, भाडं, परवाना येईपर्यंतचे रिकामे महिने, हे सगळं त्याच तक्त्यात यायला हवं.

तक्ता झाला की त्याला दोन धक्के देऊन बघायला सांग. विक्री ३० टक्क्यांनी कमी झाली तर? उद्घाटन तीन महिने पुढे गेलं तर? दोन्ही एकदम घडल्यावर शिल्लक कोणत्या महिन्यात शून्याखाली जाते, तो महिना लिहून घे. खेळत्या भांडवलाची मागणी तिथून ठरते, अंदाजाने नाही.

टॅपरूम (ब्रुअरीतच बिअर पाजायची जागा) आणि केग यांचे ना-नफा-ना-तोटा बिंदू वेगळे काढायला लाव. स्वतः पेल्यात ओतलेल्या लिटरमागे उरणारा पैसा वितरकामार्फत गेलेल्या लिटरपेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि दोन्हींची सरासरी काढली की हा फरक झाकला जातो. तुझ्या खर्चात केग फारच थोडे आहेत. एक केग नळाला, एक बारच्या शीतघरात, एक वाटेत आणि एक तुझ्याकडे धुवायला, म्हणजे बाहेरच्या प्रत्येक नळामागे चार धर.

सल्लागार कर्जाचा अर्ज नीट करून देईल, पण कर्ज मंजूर करणं त्याच्या हातात नसतं. अन्न किंवा पेय उत्पादनातल्या किती व्यवसायांबरोबर त्याने काम केलं आहे, हे पहिल्याच भेटीत विचार. यंत्रविक्रेत्याकडून त्याला दलाली मिळत असेल, तर यंत्रांबाबत त्याचं ऐकू नकोस. बैठकीनंतर काय ठरलं याचं टिपण त्याच दिवशी त्याला पाठव. त्याच्याकडे तुझ्यासारखे बरेच जण असतात.

भाडेकरारावर सही करण्याआधी त्या जागेत मद्यनिर्मिती चालते का, हे परवाना देणाऱ्या कार्यालयाकडून लेखी घे. परवाना मिळेपर्यंत पूर्ण भाडं लागू होणार नाही, असं कलम सल्लागाराकडून सुचवून घे. जागेचा मालक कुरकुर करेल, तरीही माग.

जागेबद्दल बोलताना लोक रंग आणि दिवे बघतात. तू जमीन बघ. भरलेली १००० लिटरची टाकी सव्वा टनाच्या घरात जाते आणि ते वजन चार पायांवर येतं. उतार मीटरमागे दोन सेंटीमीटरच्या आसपास हवा, नाही तर पाणी साचतं. वर पॉलियुरेथेन सिमेंटचा थर दे. साधा इपॉक्सी उकळतं पाणी सांडलं की सुटत जातो. एक लिटर बिअरमागे चार ते सात लिटर पाणी लागतं, लहान ब्रुअरीत त्याहूनही जास्त, आणि त्यातलं बरंचसं गटारात जातं. यीस्टचा गाळ त्यात सोडू नकोस, सांडपाण्याचा भार त्यानेच सर्वांत जास्त वाढतो.

ग्लायकॉल चिलर (टाक्या थंड करणारं यंत्र) निवडताना सरासरी भार धरू नकोस. एक टाकी शून्य-दोन अंशांपर्यंत उतरत असताना त्याच दिवशी दुसरीत ताजा वर्ट (न आंबलेला माल्टचा रस) थंड करायचा असतो, चिलर त्या दिवसाच्या मापाचा हवा.

दोन गोष्टी विमा कंपनीही विचारेल. ५ टक्क्यांच्या १००० लिटर बिअरमधून सुमारे ४० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे २० घनमीटरच्या आसपास. तो हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो, म्हणून मापक गुडघ्याच्या उंचीवर बसव आणि टाक्यांचा वायू नळीने इमारतीबाहेर सोड.

दुसरी गोष्ट टाकी धुण्याची. रिकाम्या फर्मेंटरमध्ये तोच वायू भरलेला असतो. त्यात कॉस्टिक (धुलाईचं क्षारीय द्रावण) फिरवलं की ते वायू शोषून घेतं, आत निर्वात होतं आणि बंद टाकी चेपते. कॉस्टिकही वाया जातं. गरम धुलाईनंतर बंद टाकीत एकदम गार पाणी सोडलं, तरी वाफ निवळून टाकी तशीच चेपते. म्हणून आधी टाकी हवेने मोकळी कर, वरचं तोंड उघडं ठेव आणि व्हॅक्यूम व्हॉल्व्ह चिकटलेला नाही ना, हे दर वेळी हाताने बघ. हे काम नवख्या मदतनिसाकडे एकट्याने सोपवायचं नाही.

टाक्यांचा सुधारित तक्ता, केगची संख्या आणि भाडेकराराचा मसुदा बैठकीच्या दोन दिवस आधी पाठव. लाल पेनाने खुणा करून परत देतो.

तुझा हितचिंतक