वाचकांचे प्रश्न : प्राणी बघायला निघताना

प्रश्न : आमचा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. रविवारी त्याला बोंडल्याच्या प्राणीसंग्रहालयात नेलं. म्हापशाहून निघायलाच उशीर झाला, पोचलो तेव्हा बारा वाजले होते. बिबट्या दिसलाच नाही, अस्वल पाठ करून झोपलेलं. शेवटी उन्हात पोर रडायला लागलं. आमचं काय चुकलं? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : चुकली ती वेळ. बिबट्या, अस्वल, सांबर हे मुळात पहाटे आणि तिन्हीसांजेला फिरणारे प्राणी. पिंजऱ्यात आले म्हणून त्यांची सवय बदलत नाही. साधारण अकरा ते साडेतीन ते सावली धरून पडून राहतात आणि नेमक्या त्याच वेळी आपल्या मुलांचीही झोपेची वेळ असते. म्हणून दार उघडताना दाराशी हजर असायचं. पणजीहून बोंडला 50 किलोमीटरच्या आसपास आहे, शिवाय शेवटचा रस्ता चढाचा आणि वळणांचा. म्हापशाहून निघायचं तर साडेसहाच्या पुढे घरात रेंगाळू नका. गुरुवारी प्राणीसंग्रहालय बंद असतं, हे विसरून दारातून परत फिरणारी कुटुंबं दर हंगामात असतात.

आत गेल्यावर मुलाला ज्याची ओढ आहे तो प्राणी सगळ्यात आधी. 'जाता जाता हरणं बघू, मग बिबट्या' असं केलं तर बिबट्यापाशी पोचेपर्यंत मुलाचा दम संपलेला असतो. पहिल्या दीड तासात जे बघाल तेच त्याच्या डोक्यात राहतं. चार पिंजरे नीट बघून निघालात तरी दिवस सत्कारणी लागला समजा.

बिबट्या न दिसण्याचं आणखी एक कारण आहे. त्याचे ठिपके सावलीतल्या कवडशांत मिसळून जायलाच आहेत, मोठ्या माणसांनाही तो चटकन सापडत नाही. त्यामुळे अख्खा बिबट्या शोधू नका, शेपटीचं टोक शोधा, कान शोधा. झोपलेल्या जनावराचाही कान माशी बसली की हलतो आणि ती हालचाल मूल आपल्याआधी टिपतं. 'तो बघ तिकडे' म्हणून बोट दाखवलं तर लहान मूल बोटाकडेच बघत राहतं. त्याच्या उंचीला खाली बसा आणि विचारा, 'तो मोठा दगड दिसला? त्याच्या खाली काय आहे?' साडेतीन वर्षांचं मूल जेमतेम मीटरभर उंच. तुम्हाला कठड्यावरून जे दिसतं ते त्याला कठड्याआड असतं. दिसत नसेल तर कडेवर घ्या, पण कठड्यावर उभं करू नका.

या वयासाठी आमची पसंती बिबट्यापेक्षा गव्याला आणि चितळांना आहे. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी. मोठा नर हजार किलोपर्यंत भरतो, म्हणजे शोधावा लागत नाही. गुडघ्याखाली चारही पाय पांढरे, मोजे घातल्यासारखे. ते एकदा दाखवलं की मूल पुढे चित्रातही गवा ओळखतं. चितळाच्या अंगावरचे ठिपके मोठेपणीही जात नाहीत, सांबराला ते नसतात. दोन्ही लागोपाठ दाखवले तर फरक सांगावा लागत नाही.

बिस्कीट, शेंगदाणे, केळं, काहीही आत टाकू देऊ नका. प्राणीसंग्रहालयातल्या प्राण्यांना खायला घालणं, डिवचणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. त्याहून मोठं कारण असं की, वेष्टणासकट गेलेलं बिस्कीट हरणाच्या पोटात प्लॅस्टिकचा गोळा होऊन बसतं आणि ते जनावर हळूहळू मरतं.

प्रश्न : बोंडल्याच्या वळणांवर मुलीला दर वेळी उलटी होते. ती पाच वर्षांची आहे. (एक आई, मडगाव)

उत्तर : दोन ते बारा या वयात गाडी लागण्याचं प्रमाण सर्वांत जास्त असतं. डोळ्यांना गाडीच्या आतलं स्थिर जग दिसतं आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा वळणं मोजत असते, त्या गोंधळातून मळमळ सुरू होते. म्हणून मोबाइल आणि चित्रांचं पुस्तक बंद. तिला पुढची काच दिसेल अशा उंचीवर, मागच्या सीटच्या मध्ये, पट्टा लावून बसवा. उपाशीपोटी नेऊ नका आणि दूध पाजूनही नेऊ नका. निघायच्या तासभर आधी एक इडली किंवा कोरडी चपाती पुरते. उसगावला पाच मिनिटं गाडीतून उतरवून चालवा, मग चढाला लागा. गोळी द्यायची तर वजन सांगून डॉक्टरांना विचारूनच.

प्रश्न : चोडणला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात जायचं आहे. मोठा सहा वर्षांचा, धाकटी दीड. बोटीने जावं की चालत? (एक वाचक, पर्वरी)

उत्तर : चालत, आणि ओहोटीला. बोटीला आतल्या खाड्यांत शिरायला पाणी लागतं, म्हणजे भरती. चिखलातले जीव दिसतात ते ओहोटीला. दोन्ही एकाच वेळी साधत नाही, आणि लहान मुलांना दूर फांदीवर बसलेल्या पक्ष्यापेक्षा पायाखालचा चिखल शतपटीने आवडतो. ओहोटीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. आज सकाळी आठला असेल तर उद्या नऊला दहा मिनिटं कमी. मोबाइलवर वेळ बघा आणि तिच्या तासभर आधी रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोट पकडा. पलीकडे उतरल्यावर अभयारण्याचं दार जवळच आहे. फेरीबोटीतून नदी ओलांडणं हीसुद्धा दीड वर्षाच्या मुलीसाठी सहलच आहे, धाकटीला कडेवर घट्ट धरून ती होऊ द्या.

वाटेवरून चालताना थांबा आणि दोन मिनिटं अजिबात हलू नका. माणसाच्या पावलाने चिखल हादरला की सगळे बिळात जातात, शांतता झाली की एकेक वर येतो. आधी खेकडे दिसतील. नराची एक नांगी अंगाएवढी मोठी, दुसरी चिमुकली. मोठी नांगी तो वर-खाली हलवतो, मादीला बोलावायला आणि दुसऱ्या नराला दटावायला. मादीच्या दोन्ही नांग्या लहान. सहा वर्षांच्या मुलाला 'यातले बाबा किती, आई किती' एवढं मोजायला सांगा, अर्धा तास कसा गेला कळणार नाही.

मग निवटी शोधा. चिखलाच्याच रंगाचा, बोटभर लांबीचा मासा, डोळे टाळूवर. पुढच्या दोन परांवर कुबड्या घेतल्यासारखा पुढे सरकतो आणि मध्येच उडी मारतो. मासा पाण्याबाहेर जगतो कसा, हा प्रश्न येणारच. तो कल्ल्यांत पाणी साठवून आणतो आणि ओल्या कातडीतूनही श्वास घेतो, म्हणून मधूनमधून डबक्यात लोळून अंग भिजवतो. तेही बघायला मिळतं. चिखलातून उभी राहिलेली बोटं म्हणजे खारफुटीची श्वास घेणारी मुळं. ती तुडवायची नाहीत.

बोटीत जायचंच असेल तर धाकटीला कोणाजवळ तरी ठेवून जा. दीड वर्षाच्या बाळाच्या मापाचं लाइफ जॅकेट धक्क्यावर मिळेल असं धरून चालू नका. मोठ्याला जॅकेट घातल्यावर खांद्यांपाशी धरून वर ओढून बघा. ते हनुवटीच्या वर सरकलं तर पाण्यात मूल खालून निसटेल. तसं जॅकेट घालून बोटीत चढवू नका. हात पाण्यात सोडायचे नाहीत, हे कुंभारजुव्याच्या कालव्यात तर कटाक्षाने पाळा. तिथे मगरी आहेत आणि हिवाळ्यात सकाळच्या ओहोटीला त्या काठाच्या चिखलावर ऊन खात पडतात. ही गोड्या पाण्यातली मगर, पण इथल्या मचूळ पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या रुळलेली. फोंडा तालुक्यात दुर्भाटला पौष अमावास्येला चिखलाची मगर करून तिची पूजा होते, ती मांगे थापणी. मुलांना मगर बघायला न्यायच्या आधी हे जरूर सांगा.

पक्षीच बघायचे असतील तर जुन्या गोव्याजवळचं करमळीचं तळं गाठा, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. जांभळ्या पाणकोंबड्या, अडया, कमळपक्षी काठावरून दिसतात. दुर्बीण मुलाला देऊ नका. त्याच्या दोन डोळ्यांमधलं अंतर मोठ्यांच्या दुर्बिणीला पुरत नाही, त्याला काळी कडा तेवढी दिसते आणि तो चिडतो.

प्रश्न : डॉल्फिन बघायला गेलो. बोटवाला त्यांच्या मागे सुसाट बोट पळवत होता, मुलं घाबरली. हे असंच असतं का? (एक आई, पणजी)

उत्तर : असं असू नये. आपल्या किनाऱ्यालगत दिसतो तो पाठीवर उंचवटा असलेला डॉल्फिन. तो श्वासासाठी वर येतोच. बोट पाठीमागे लागली की तो खोल जातो आणि लांब निघतो, म्हणजे पाठलाग करणाराच त्याला गमावतो. पिल्लं आईपासून तुटतात हे वेगळंच. पैसे देण्याआधी सांगा: लांबवर इंजीन बंद करून थांबायचं, पाठलाग नाही, दिसले नाहीत तरी पैसे पूर्ण. या शेवटच्या वाक्याने बोटवाल्याची घाई संपते. सकाळी आठच्या आत निघा, दुपारी वारा सुटतो आणि लाटा वाढतात.

प्रश्न : सत्तरीत मामाकडे जाणार आहोत, मार्चमध्ये. रानात फिरावं का? माकडतापाची भीती वाटते. (एक वाचक, वास्को)

उत्तर : भीती नको, पण काळजी पूर्ण घ्या. माकडताप पसरवणारी गोचीड डिसेंबर ते मे या काळात सर्वांत जास्त असते आणि काजूचा हंगामही त्यातच येतो. 1957 मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात या तापाचा विषाणू पहिल्यांदा सापडला. सत्तरीत गेल्या दहा-अकरा वर्षांत रुग्ण आढळले आहेत. तेव्हा मामांना आधी विचारा, आसपास माकडं मेली आहेत का. मेली असतील तर त्या रानात जाऊच नका आणि आरोग्य केंद्राला कळवा. एरवीही लहान मुलांना वाटेवरच ठेवा. फिकट रंगाचे पूर्ण कपडे घाला म्हणजे गोचीड चटकन दिसते, पँट मोज्यांत खोचा. पाचोळ्यावर बसायचं नाही, काजूच्या बोंडांसाठी झुडपात शिरायचं नाही.

घरी आल्याबरोबर कपडे गरम पाण्यात टाका, मुलांना साबणाने आंघोळ घाला आणि कानामागे, केसांत, काखेत, कमरेच्या नाडीखाली बोटांनी चाचपून बघा. बाळ गोचीड तिळापेक्षाही लहान असते. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, रॉकेल, पेटती काडी यातलं काही नको. पुढच्या आठ-दहा दिवसांत ताप, डोकेदुखी, अंगदुखी झाली तर डॉक्टरांना 'सत्तरीच्या रानात गेलो होतो' हे पहिल्या वाक्यात सांगा.

प्रश्न : नातवाला गालजीबागला कासव दाखवायचं आहे. रात्री जावं लागतं का? (एक आजी, काणकोण)

उत्तर : आजी, अंडी घालायला कासवीण रात्री येते, पण तिची वाट बघत चार वर्षांच्या मुलाला किनाऱ्यावर बसवू नका. टॉर्च, मोबाइलचा उजेड किंवा पळापळ दिसली तर ती अंडी न घालताच परत फिरते. त्यापेक्षा पिल्लं बघा. ऑलिव्ह रिडले जातीची कासवीण एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते, ती 45 ते 60 दिवसांत उबतात. फेब्रुवारी ते एप्रिल हा त्यासाठी चांगला काळ. गालजीबाग, आगोंद, मोरजी इथे वनखात्याची माणसं घरटी राखतात. त्यांना भेटून विचारा, कोणतं घरटं केव्हा उघडेल याचा अंदाज ते देतात. पिल्लाला हातात घ्यायचं नाही आणि पाण्यात नेऊनही सोडायचं नाही. वाळूवरून ते स्वतः रांगत जाणं गरजेचं असतं. नातवाला त्याच्या मागे, बाजूला बसवा. पुढे उभं राहिलं तर पाय पडतो.

प्रश्न : पाऊस लागला की दोन महिने कुठेच जाता येत नाही. मुलं फ्लॅटमध्ये कोंडली जातात. (एक आई, फोंडा)

उत्तर : बाल्कनीत कढीपत्त्याची किंवा लिंबाची कुंडी आहे? कोवळ्या पानांवर मोहरीहून लहान, पिवळसर गोल दाणे शोधा. ती फुलपाखराची अंडी. तीन ते पाच दिवसांत बारीक अळी निघते, तपकिरी-पांढरी, अगदी पक्ष्याच्या शिटेसारखी, म्हणूनच पक्षी तिला सोडून देतात. पुढे कात टाकत ती हिरवीगार होते. तेव्हा काडीने हलकेच डिवचलं तर डोक्यामागून केशरी किंवा लाल दुभंगलेलं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. हे मुलांना एकदाच करू द्या, रोज नाही.

अळी रुंद तोंडाच्या बरणीत ठेवा, तोंडाला मलमल बांधा. कढीपत्त्याची काडी पाण्याच्या लहान बाटलीत खोवा आणि बाटलीचं तोंड कापसाने बंद करा, नाहीतर अळी पाण्यात पडून बुडते. लेंड्या रोज झटका, साचल्या की बुरशी धरते. बाजारातला कढीपत्ता घालू नका. त्यावर फवारणी झालेली असते आणि अळी दिवसभरात काळी पडून मरते. मुलांना त्याचा मोठा धक्का बसतो. कुंडीतली पानं कमी पडतील, म्हणून दोनच अळ्या ठेवा.

दोन-अडीच आठवड्यांनी अळी खायचं थांबवते, काडीला कमरेभोवती रेशमाचा एक धागा बांधून घेते आणि कोष करते. तिथून पुढे दहाएक दिवस बरणी हलवू नका. कोष काळपट दिसायला लागला आणि आतल्या पंखांची नक्षी बाहेरून कळू लागली, की दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांना लवकर उठवा. बाहेर आलेल्या फुलपाखराचे पंख चुरगळलेले असतात, ते पसरून कडक व्हायला तासाभराहून जास्त वेळ लागतो. तोवर हात लावायचा नाही. पाऊस असेल तर उघडीप होईपर्यंत बरणीतच राहू द्या, मग मलमल काढून बरणी कुंडीपाशी ठेवा.