अमेरिकेच्या पश्चिमेकडे सरकारी जमिनीवर, गाईड न घेता व्हाइटटेल हरणाची शिकार करायची असेल तर तयारी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की शिकागोत राहता, एच-१बी व्हिसावर आहात, शिकारीचा अनुभव शून्य, एक अमेरिकन मित्र सोबत यायला तयार आहे. आणि 'नकाशावर पश्चिमेला जिकडे तिकडे सरकारी जमीनच दिसते, मग लोक गाईडला हजारो डॉलर का देतात?' असा तुमचा प्रश्न आहे. मी मिनियापोलिसला राहतो. गेली सात वर्षं नोव्हेंबरात दहा-अकरा तास गाडी हाणत पूर्व मोंटानात जातो. गाईड कधीच घेतला नाही, आणि पहिली दोन वर्षं रिकाम्या हाताने परत आलो.

जमीन सरकारी आहे हे खरं, पण व्हाइटटेल तिच्यावर राहत नाही. इथेच घोडं पेंड खातं. १८६२च्या होमस्टेड कायद्याने जमिनी वाटल्या गेल्या तेव्हा लोकांनी आधी पाण्याकाठच्या घेतल्या. कोणालाच नको होत्या त्या कोरड्या टेकड्या सरकारकडे उरल्या आणि आज बीएलएमच्या (केंद्र सरकारी जमिनी सांभाळणारं खातं) नावावर आहेत. व्हाइटटेलला हवी असते नदीकाठची कॉटनवुडची झाडी, विलोचं दाट झुडूप आणि शेजारी लसूणघासाचं शेत. यलोस्टोन, टंग, पावडर, मिल्क या नद्यांच्या काठी ते सगळं आहे, आणि बहुतेक सगळं खाजगी आहे. (उत्तर आयडाहो, वायव्य मोंटाना आणि ब्लॅक हिल्समध्ये व्हाइटटेल खरोखरच सरकारी जंगलात राहतं. पण ती शिकार वेगळी, पन्नास पावलांवरचं दिसत नाही अशा झाडीतली. मला तिचा फारसा अनुभव नाही.)

पहिल्या वर्षी मी माइल्स सिटीच्या दक्षिणेला टेकड्यांवर तीन दिवस दुर्बीण लावून बसलो. हरणं भरपूर, सगळी म्यूल डियर. गाढवासारखे कान, शिंगांना दुहेरी फाटे, आणि पळताना चारही पाय एकदम उचलून चेंडूसारख्या उड्या. व्हाइटटेल दिसली ती चौथ्या दिवशी, खाली नदीच्या वळणावर, कुंपणापलीकडे. अकरा होती. माझी चाहूल लागताच शेपट्या ताठ वर करून, पांढरे रुमाल हलवावेत तशी झाडीत गेली.

म्हणून आता मी आधी हरणं शोधत नाही. नदीकाठावर कायद्याने पाय ठेवता येईल अशा जागा आधी शोधतो.

मोंटानात त्यासाठी सगळ्यात कामाची ब्लॉक मॅनेजमेंट योजना. शेतकरी आपली जमीन शिकाऱ्यांना खुली करतात आणि राज्य त्यांना मोबदला देतं. सुमारे ७० लाख एकर जमीन यात आहे. काही ठिकाणी फाटकाजवळच्या पेटीत चिठ्ठी भरून टाकली की झालं, काही ठिकाणी आधी जागा राखून ठेवावी लागते. ती राखीव जागा उन्हाळा संपता संपताच मिळवा, कारण नदीकाठचे तुकडे पहिल्या काही दिवसांत संपतात. नॉर्थ डकोटात हीच कल्पना प्लॉट्स नावाने, कॅन्ससमध्ये वॉक-इन नावाने आहे. दुसरी वाट शाळांच्या जमिनीची. प्रत्येक टाउनशिपमधले (जमीन मोजणीतला ३६ चौकोनांचा गट) १६ आणि ३६ क्रमांकाचे ६४० एकरांचे चौकोन शाळांच्या खर्चासाठी राज्याला दिलेले होते. एखादा चौकोन नदीला चिकटून असतो आणि त्याला सार्वजनिक रस्ताही लागतो. असा तुकडा नकाशावर सापडला की मी त्या दिवशी गोडधोड खातो.

जमिनीच्या मालकीचे नकाशे दाखवणारं ऑनएक्स हे ॲप मोबाइलवर घ्याच, आणि नकाशे आधीच उतरवून ठेवा, तिकडे रेंज नसते. पण रंग पाहून हुरळून जाऊ नका. पश्चिमेतल्या तेरा राज्यांत मिळून ९५ लाख एकर केंद्र सरकारी जमीन अशी आहे की चारी बाजूंनी खाजगी, आत जायला वाटच नाही. रेल्वे कंपन्यांना एकाआड एक चौकोन दिले होते, त्यामुळे कुठे कुठे दोन सरकारी चौकोन फक्त कोपऱ्याला कोपरा लावून असतात. तो कोपरा ओलांडल्याबद्दल वायोमिंगमध्ये शिकाऱ्यांवर खटला झाला. २०२५ साली दहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने निकाल शिकाऱ्यांच्या बाजूने दिला. मोंटाना त्या न्यायालयाच्या कक्षेत येत नाही, त्यामुळे तिथे हा प्रयोग करू नका.

दार ठोठावून परवानगीही मागता येते. मी जुलैत गेलो होतो. आपला रंग आणि उच्चार पाहून कोणी दार उघडेल का, अशी धाकधूक होती. आजोबांनी आत बोलावलं, कॉफी दिली, नागपूर कुठे आलं ते तासभर विचारलं आणि शेवटी नाही म्हणाले. पुढच्या घरी माद्यांसाठी होकार मिळाला, कारण हरणं त्यांचा लसूणघास फस्त करत होती. नराची परवानगी मागू नका, ती घरच्या माणसांसाठी राखलेली असते.

आता कागदपत्रं, आणि तुमच्या बाबतीत हेच आधी. नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला केंद्रीय कायद्याने बंदी आहे. कायदेशीर, चालू शिकार परवाना असेल तर त्यातून सूट मिळते. म्हणजे आधी परवाना, मगच बंदुकीला हात, मित्राची असली तरी. सरावाला नेमबाजीच्या रेंजवर जाण्याआधीही हे लागू. एका वकिलाला विचारून घ्या, फी वसूल होईल. धनुष्यबाण या बंदुकीच्या व्याख्येत येत नाही. हंटर एज्युकेशनचा कोर्स तर लागतोच. १ जानेवारी १९८५ नंतर जन्मलेल्याला मोंटानात त्याशिवाय परवाना मिळत नाही.

बाहेरच्या राज्यातल्यांना हरणाचे परवाने सोडतीने मिळतात. मोंटानाची मुदत १ एप्रिल. ऑक्टोबरात जागे झालात तर वरातीमागून घोडं. कॅन्ससचाही अर्ज एप्रिलमध्येच. तिथे बंदुकीचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या बुधवारी सुरू होतो, तोवर माजाचा काळ, म्हणजे नर माद्यांच्या मागे फिरतात ते दिवस, ओसरलेला असतो. मोंटानात बंदुकीचा हंगाम ऑक्टोबरच्या शेवटापासून पाच आठवडे चालतो, म्हणून नोव्हेंबरच्या मध्यातला माज त्यात नेमका सापडतो. मी तोच आठवडा धरतो, सोमवार ते शुक्रवार. शनिवारी फाटकापाशी सहा गाड्या उभ्या असतात. आणि निघण्याआधी त्या भागाच्या वन्यजीव अधिकाऱ्याला फोन करून यंदा ईएचडी आला होता का ते विचारा. चिलटांमुळे पसरणारा हा रोग उन्हाळ्याच्या शेवटी नदीकाठची व्हाइटटेल झपाट्याने मारतो. २०११ साली मिल्क नदीकाठी फार वाईट झालं होतं. म्यूल डियरला त्याचा इतका त्रास होत नाही, म्हणून टेकडीवरून पाहणाऱ्याला सगळं आलबेल वाटतं.

तिसऱ्या वर्षीची सकाळ सांगतो. उणे चौदा सेल्सिअस, पडलेल्या कॉटनवुडला पाठ टेकून बसलेलो, पुढे नदीचं वळण. शेतातून झाडीकडे जाणारी वाट खुरांनी इतकी तुडवलेली की बर्फात चर पडलेला. वारा तोंडावर होता. उजाडता उजाडता एक मादी त्या चरातून थेट माझ्याकडे आली. तीस पावलांवर थांबली, पुढचा पाय उचलला आणि जमिनीवर आपटला. मी पापणी हलवली नाही. पुन्हा आपटला. तेवढ्यात उन्हाने काठ तापायला लागला, वारा फिरला, मानेला मागून थंड झुळूक लागली आणि मी मनात म्हटलं, संपलं. तिने नाकाने फुस्सकन् आवाज केला आणि सगळी झाडी रिकामी. दुसऱ्या दिवशी मी वळणाच्या पलीकडच्या तोंडाला बसलो, ऊन उशिरा येतं तिथे. साडेआठला नर आला, नाक जमिनीला लावून, त्याच मादीच्या मागावर.

एक इशारा रस्त्याचा. तिथल्या चिकणमातीला गम्बो म्हणतात. आपल्या काळ्या मातीची थोरली बहीण समजा. बर्फ वितळून ती ओली झाली की चारचाकी ड्राइव्ह असलेली गाडीही नांगरासारखी रुतते. सकाळी गोठलेल्या रस्त्याने आत जाऊन दुपारी अडकलेले मी दरवर्षी पाहतो.

मांस घरी नेण्याचंही आधीच ठरवा. सीडब्ल्यूडी या हरणांच्या मेंदूच्या रोगामुळे अखंड धड राज्याबाहेर नेण्यावर बऱ्याच ठिकाणी बंदी आहे. मिनेसोटात तर आणताच येत नाही. मी तिथेच हाडं सोडवून मांस कापडी पिशव्यांत, मग कूलरमध्ये भरतो. मेंदू आणि पाठीचा कणा मागे ठेवतो. तपासणीसाठी नमुना देतो आणि निकाल येईपर्यंत फ्रीझर उघडत नाही.

चवीचं सांगायचं तर: बोकडापेक्षा रुक्ष, फार उग्र नाही. पांढरी चरबी झाडून सगळी काढून टाका, ती मेणासारखी टाळूला चिकटते. पाठीचे तुकडे नुसते तव्यावर दोन मिनिटं परता. मांड्यांचा खिमा करा, त्यात थोडी विकतची चरबी मिसळा आणि काळा मसाला नेहमीपेक्षा कमी घाला.